लिनक्स नेटवर्कवरील पूर्वनिर्धारित मुद्रण पर्याय

लिनक्स नेटवर्कवरील पूर्वनिर्धारित मुद्रण पर्याय म्हणजे छपाईचा आदेश देताना वापरकर्त्याने वेगळे काही सांगितले नसेल, तर कोणत्या प्रिंटरवर, कोणत्या आकाराच्या कागदावर, एका बाजूला की दोन्ही बाजूंना आणि कोणत्या ट्रेमधून छपाई व्हावी, याविषयी लिनक्स संगणकांच्या जाळ्यात आधीच ठरवून ठेवलेल्या निवडी होत. कार्यालयीन बोलीत यांना ‘डिफॉल्ट सेटिंग’ म्हणतात. लिनक्सवर छपाईचे काम कप्स ही प्रणाली पाहते आणि मजकूर बहुधा लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो. या दोहोंच्या आपापल्या निवडी असतात. शिवाय मुद्रण सर्व्हर, प्रत्येक संगणक, प्रत्येक वापरकर्ता आणि खुद्द दस्तऐवज यांपैकी प्रत्येकाजवळ निवड साठवण्याची सोय आहे. ‘डिफॉल्ट बदलले, तरी कागद जुन्याच आकाराचा येतो’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते: बदल एका स्तरावर केलेला असतो आणि अंमल दुसऱ्या स्तराचा चालू असतो.

पार्श्वभूमी

भारतात लिनक्सवर चालणाऱ्या कार्यालयांचे सर्वांत मोठे उदाहरण न्यायालयांचे आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा व दुय्यम न्यायालयांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारण्यात आले. न्यायाधीश व कर्मचाऱ्यांना उबुंटू लिनक्सचे प्रशिक्षण देण्यात आले आणि खटल्यांची नोंद ठेवणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केली. मुंबईच्या दक्षिण व मध्य भागात अशी न्यायालये थोड्या थोड्या अंतरावर विखुरलेली आहेत. फोर्टमध्ये शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे, धोबीतलावला लघुवाद न्यायालय आहे, तर गिरगाव, माझगाव आणि दादर-भोईवाडा येथे दंडाधिकारी न्यायालये आहेत. त्यांच्या आसपास वकिलांची कार्यालये, टंकलेखक आणि झेरॉक्सची दुकाने यांची वस्ती वाढली. एका ठिकाणी लिहिलेला मसुदा दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त होतो आणि तिसऱ्या ठिकाणी छापला जातो, हा या परिसरातील रोजचा व्यवहार आहे. पूर्वनिर्धारित पर्यायांचा प्रश्न अशाच ठिकाणी सर्वाधिक जाणवतो.

न्यायालयीन कागदाला आकाराचा स्वतंत्र इतिहास आहे. अनेक दशके अर्ज, प्रतिज्ञापत्रे व याचिका लीगल किंवा फुलस्केप आकाराच्या कागदावर, एकाच बाजूला, रुंद समास सोडून टंकलिखित केल्या जात. मुंबईत त्यासाठी हिरवट लेजर कागद वापरण्याची रीत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परिपत्रक काढून आपल्याकडे दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए-४ आकार व दोन्ही बाजूंची छपाई ठरवून दिली आणि १ एप्रिल २०२० पासून ती लागू केली. त्यानुसार कागद किमान ७५ जीएसएमचा, अक्षर टाइम्स न्यू रोमन, आकार १४, ओळींतील अंतर दीडपट, डावा व उजवा समास ४ सेंटिमीटर आणि वरचा व खालचा समास २ सेंटिमीटर असावा लागतो. उद्धृत मजकुरासाठी आकार १२ व एकेरी अंतर सांगितले आहे.

हा नियम वाचताना एक अखंड सूचना वाटतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्यात चार वेगवेगळ्या जागी नोंदवायच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. अक्षराचा आकार, ओळींतील अंतर व समास हे दस्तऐवजाच्या शैलीत ठरतात. कागदाचा आकार दस्तऐवज आणि प्रिंटर अशा दोन्ही ठिकाणी ठरतो व तो दोन्हीकडे जुळावा लागतो. दोन्ही बाजूंची छपाई प्रिंटरच्या पर्यायांत येते. कागदाचे वजन ट्रेमध्ये कागद भरणाऱ्या माणसाच्या हाती असते. प्रिंटरला ‘जाड कागद’ असे सांगता येते, पण ट्रेमधला कागद ७५ जीएसएमचा आहे की ७० चा, हे नेहमीचा कार्यालयीन प्रिंटर मोजून पाहत नाही.

कप्स

युनिक्स जगतात प्रारंभी बर्कली परंपरेचा ‘एलपीडी’ आणि सिस्टीम फाइव्ह परंपरेचा ‘एलपी’ असे दोन मुद्रण संच वापरात होते. ओळीमागून ओळ छापणाऱ्या यंत्रांसाठी ते घडले होते. ट्रे, दुहेरी छपाई, कागदाची जात असे पर्याय कसे नोंदवावे, याची सर्वमान्य पद्धत त्यांत नव्हती. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये आपल्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स या संस्थेत ‘कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टीम’ अर्थात कप्सचे काम सुरू केले. १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलचा, म्हणजे आयपीपीचा, तिने पाया म्हणून स्वीकार केला. आयपीपीचा ६३१ हा पोर्ट कप्सच्या ब्राउझरमधून उघडणाऱ्या व्यवस्थापन पानाचाही पोर्ट आहे. ॲपल कंपनीने २००२ मध्ये आपल्या मॅक प्रणालीत कप्स घेतली आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. स्वीट यांनी ॲपल सोडल्यानंतर लिनक्ससाठीचा विकास ओपनप्रिंटिंग या गटाकडे आला.

कप्समध्ये प्रत्येक प्रिंटरसाठी एक रांग असते. छपाईचे काम रांगेत दाखल होते, आवश्यक ते रूपांतर करणाऱ्या गाळण्यांतून जाते आणि प्रिंटरला समजणाऱ्या स्वरूपात पुढे पाठवले जाते. कामासोबत पर्याय येऊ शकतात. जो पर्याय आला नसेल, तो रांगेच्या पूर्वनिर्धारित निवडीतून भरला जातो. पूर्वनिर्धारित निवड ही सक्ती नसते, हे यावरून ध्यानात येते. ती फक्त रिकामी जागा भरते. कामाने स्वतःच ‘एकाच बाजूला’ असे सांगितले, तर सर्व्हरवर ‘दोन्ही बाजूंना’ लिहून ठेवल्याचा काही उपयोग होत नाही.

निवडीचे स्तर

सर्वांत खालच्या पायरीवर प्रिंटरच्या यंत्रातील निवड असते. प्रिंटरच्या फलकावरील बटणांनी कागदाचा आकार ठरवता येतो, परंतु संगणकाकडून आलेल्या कामात आकार बहुधा नमूद असतोच. त्यामुळे या निवडीचे महत्त्व कमी आहे. ट्रेमध्ये कोणता कागद भरला आहे, हे यंत्राला सांगण्यापुरती ती उपयोगी पडते. तेथे चूक झाली, तर मात्र प्रिंटर लाल दिवा लावून हव्या त्या कागदाची वाट पाहत थांबतो आणि मागची सगळी रांग अडते.

त्यावर सर्व्हरवरील रांगेचा स्तर येतो. प्रशासक ‘एलपीॲडमिन’ या आज्ञेने रांगेला पर्याय जोडतो. आयपीपीतील नावांना ‘डिफॉल्ट’ हा प्रत्यय लावून, उदाहरणार्थ ‘साइड्स-डिफॉल्ट’ किंवा ‘मीडिया-डिफॉल्ट’ असे लिहून, दोन्ही बाजूंची छपाई व कागदाचा आकार नोंदवता येतो. प्रिंटरचे वर्णन करणारी पीपीडी फाइल असेल, तर तिच्यातील निवडीही याच आज्ञेने किंवा व्यवस्थापन पानावरून बदलतात. प्रत्येक कामाच्या आधी शीर्षकपान छापावे की नाही, हेही येथेच ठरते. कप्समध्ये ‘गोपनीय’, ‘वर्गीकृत’ अशा शिक्क्यांची तयार शीर्षकपाने आहेत. एकाच प्रिंटरवर अनेक विभागांचे कागद येत असतील, तर कोणता गठ्ठा कोणाचा हे ओळखण्यास त्यांची मदत होते. दररोज शेकडो कामे छापणाऱ्या कार्यालयात ती कागदाची उधळपट्टीही ठरू शकतात.

सर्व्हरनंतर वापरकर्त्याच्या बाजूचा संगणक येतो. ‘एलपीऑप्शन्स’ ही आज्ञा रूट वापरकर्त्याने दिली, तर निवड संगणकाच्या सामाईक ‘ईटीसी’ निर्देशिकेतील कप्सच्या फाइलमध्ये लिहिली जाते व त्या संगणकावरील सर्वांना लागू होते. तीच आज्ञा साध्या वापरकर्त्याने दिली, तर ती त्याच्या घर-निर्देशिकेतील दडलेल्या फाइलमध्ये जाते आणि फक्त त्याच्यापुरती राहते. आज्ञा तीच, शब्द तेच आणि परिणाम मात्र वेगळा. नवख्या प्रशासकांची येथे हमखास फसगत होते: आपल्या खात्यातून दिलेली आज्ञा आपल्यापुरती नीट चालते, चाचणी यशस्वी ठरते आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून पूर्वीसारखाच लेटर आकाराचा कागद मागणाऱ्या प्रिंटरपुढे उभा राहतो.

वापरकर्त्याची फाइल संगणकाच्या सामाईक फाइलवर मात करते आणि सामाईक फाइल सर्व्हरच्या निवडीवर. कोणता प्रिंटर मुख्य मानावा, याबाबतही हाच क्रम आहे. त्याशिवाय ‘एलपीडेस्ट’ आणि ‘प्रिंटर’ हे दोन पर्यावरण-चल ठेवलेले असतील, तर आज्ञा-ओळीवरून होणाऱ्या छपाईत त्यांचा शब्द वरचढ ठरतो. जुन्या लॉगिन फाइल्समध्ये कधीकाळी लिहिलेली अशी ओळ वर्षानुवर्षे राहते. प्रिंटर भंगारात गेलेला असतो, पण त्याचे नाव चालूच असते.

वापरकर्त्याच्या फाइलमध्ये एकदा नोंद झाली, की सर्व्हरवरील पुढचे बदल त्या पर्यायापुरते त्याला दिसत नाहीत. संपूर्ण कार्यालयासाठी ए-४ ठरवताना वैयक्तिक फाइल्स शोधून त्यांतील जुन्या ओळी काढणे हे कामाचे पहिले पाऊल असते. सर्व्हर बदलून स्वस्थ बसलेल्या कार्यालयात काही जणांचे कागद नीट येतात आणि काही जणांचे येत नाहीत. मग दोष प्रिंटरवर ढकलला जातो.

लिब्रेऑफिस आणि दस्तऐवजातील प्रिंटर

लिब्रेऑफिसचा वंश स्टारऑफिस या जर्मन सॉफ्टवेअरपर्यंत जातो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ते घेतले, २००० मध्ये त्याचा स्रोत खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस.ऑर्ग निर्माण झाले. २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळे झाले. ओपनऑफिसच्या काळात ‘एसपीॲडमिन’ नावाचे प्रिंटर व्यवस्थापनाचे स्वतंत्र साधन त्याच्यासोबत येई. कप्स नसलेल्या युनिक्स संगणकांवरही छपाई करता यावी, हा त्याचा हेतू होता. कागदाचा आकार, समास, फॅक्सची आज्ञा या गोष्टी त्यात नोंदवल्या जात. प्रशासकाने ते चालवले तर निवड सर्वांसाठी आणि वापरकर्त्याने चालवले तर स्वतःपुरती, ही दुहेरी रीत तेथेही होती. कप्स सर्वत्र रुळल्यावर हे साधन निरुपयोगी झाले व लिब्रेऑफिसमधून काढून टाकण्यात आले. आता लिब्रेऑफिस प्रिंटरांची यादी कप्सकडूनच घेते आणि त्यासोबत एलपीऑप्शन्सने नोंदवलेले पर्यायही घेते. चालू असलेला प्रोग्राम मात्र नवी निवड लगेच वाचेलच असे नाही. तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

खरी गुंतागुंत दस्तऐवजात आहे. ओपनडॉक्युमेंट स्वरूपातील फाइल ही वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेली पिशवी असते. तिच्यात मजकूर, शैली आणि मांडणी यांच्या वेगवेगळ्या फाइल्स असतात. मांडणीच्या फाइलमध्ये ‘प्रिंटरनेम’ या नोंदीत शेवटी निवडलेल्या प्रिंटरचे नाव असते आणि ‘प्रिंटरसेटअप’ या नोंदीत त्या प्रिंटरचे पर्याय सांकेतिक रूपात ठेवलेले असतात. ती नोंद उलगडली, तर प्रिंटरचे नाव, उभी-आडवी दिशा, प्रतींची संख्या आणि कागदाचा आकार साध्या शब्दांत वाचता येतो. म्हणजे दस्तऐवज ज्या प्रिंटरजवळ घडला, त्याच्या खुणा तो अंगावर घेऊन फिरतो.

‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’ या खिडकीत, फाइल उघडणे व जतन करणे यांच्या सामान्य पर्यायांत, दस्तऐवजासोबत प्रिंटरची निवडही उघडावी काय, असा एक चौकोन आहे. तो मुळातच खूण केलेला असतो. खूण असताना गिरगावच्या कार्यालयात तयार झालेला आणि पेन ड्राइव्हवरून भोईवाड्याला आणलेला मसुदा आपल्यासोबत गिरगावच्या प्रिंटरची आठवण आणतो. त्या नावाचा प्रिंटर भोईवाड्याच्या यादीत नसेल, तर लिब्रेऑफिस स्थानिक मुख्य प्रिंटरकडे वळते आणि काम भागते. अडचण येते ती नाव जुळले तर. बहुतेक ठिकाणी रांगांची नावे प्रिंटरच्या मॉडेलवरून आपोआप पडतात. त्यामुळे दोन मजल्यांवरील किंवा दोन इमारतींतील दोन वेगळ्या प्रिंटरांची नावे सारखी असणे अगदी सहज घडते. शिवाय एकाच नेटवर्कवर दुसऱ्या विभागाचा प्रिंटर दिसत असेल, तर तेथे घडलेला दस्तऐवज इकडे उघडून छापताच कागद तिकडच्या खोलीत बाहेर पडतो.

हा केवळ हेलपाट्याचा प्रश्न राहत नाही. साक्षीदाराचा पत्ता असलेला अर्ज, वैवाहिक वादातील प्रतिज्ञापत्र, अजून जाहीर न झालेल्या आदेशाचा मसुदा हे भलत्याच ट्रेमध्ये कोणाच्याही हाती पडू शकते. परळच्या रुग्णालयांच्या परिसरातही हीच काळजी लागू होते. तपासणीचा अहवाल चुकीच्या वॉर्डात छापला गेला, तर तो परत मागता येतो, पण वाचलेला मजकूर परत घेता येत नाही. लिब्रेऑफिसच्या मदतपुस्तिकेतच असा इशारा आहे, की ही खूण असताना दस्तऐवज दूरच्या प्रिंटरवर छापला जाऊ शकतो. खूण काढली तर वापरकर्त्याचा स्वतःचा मुख्य प्रिंटर वापरला जातो. मात्र जतन करताना प्रिंटरची नोंद फाइलमध्ये लिहिली जाते ती जातेच. खूण काढल्याने फक्त ती वाचली जात नाही. त्यामुळे ही खूण प्रत्येक संगणकावर काढणे आवश्यक ठरते. मसुदा पाठवणाऱ्याच्या शिस्तीवर विसंबून चालत नाही.

अनेक संगणकांवर ही निवड हाताने बदलण्याची गरज नसते. लिब्रेऑफिसची वैयक्तिक मांडणी घर-निर्देशिकेतील एका एक्सएमएल फाइलमध्ये असते, तर सर्वांसाठीची मांडणी स्थापनेच्या सामाईक ‘रजिस्ट्री’ निर्देशिकेत असते. ‘ऑफिस-कॉमन’ या शाखेतील जतन करण्याच्या पर्यायांत ‘लोडप्रिंटर’ नावाची होय-नाही स्वरूपाची नोंद आहे. सामाईक फाइलमध्ये तिला ‘नाही’ असे मूल्य दिले, तर नव्या वापरकर्त्याला तीच पूर्वनिर्धारित निवड मिळते. नोंदीला ‘अंतिम’ अशी खूण जोडली, की वापरकर्त्याला ती बदलता येत नाही आणि खिडकीत तिच्याशेजारी कुलूप दिसते. कप्सच्या पूर्वनिर्धारित निवडी केवळ सुचवतात, लिब्रेऑफिसच्या अंतिम नोंदी बांधून टाकतात. दोन्ही प्रणालींचे स्वभाव येथे स्पष्टपणे वेगळे पडतात.

कागदाचा आकार

लेटर आकाराचा कागद मुंबईच्या स्टेशनरी दुकानांत सहसा कोणी मागत नाही. तरीही लिनक्स संगणक तो मागताना आढळतात, याचे कारण भाषेच्या निवडीत आहे. लिनक्सवरील ‘लोकेल’ मांडणीत भाषा, चलन व तारखेसोबत कागदाचाही विभाग असतो. अमेरिकी इंग्रजीच्या लोकेलमध्ये कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर, म्हणजे लेटर असतो. भारतीय इंग्रजी आणि मराठी या दोन्ही लोकेलमध्ये तो २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे ए-४ असतो. स्थापनेच्या वेळी पहिल्याच पानावरील ‘इंग्रजी, अमेरिका’ ही निवड घाईने स्वीकारली, की पुढे जन्माला येणारा प्रत्येक नवा दस्तऐवज लेटर आकाराचा होतो. भाषा इंग्रजीच ठेवून केवळ कागदाचा विभाग भारतीय करता येतो. डेबियन व उबुंटू कुळातील संगणकांवर ‘पेपरसाइज’ नावाची एकशब्दी सामाईक फाइलही असते. तीत ए-४ आहे ना, हे पाहणे एका मिनिटाचे काम आहे.

ए-४ हा लेटरपेक्षा ६ मिलिमीटर अरुंद व १८ मिलिमीटर उंच असतो. हा फरक बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. लीगलचे तसे नाही. त्याची उंची ३५६ मिलिमीटर, म्हणजे ए-४ पेक्षा ५९ मिलिमीटर जास्त असते. जुना लीगल आकाराचा नमुना ए-४ वर छापताना दोनपैकी एक गोष्ट घडते. मूळ मापातच छपाई झाली, तर तळाचा भाग कापला जातो आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर तळाशीच सत्यापन व सहीची जागा असते. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू असेल, तर सारे पान सुमारे ८३ टक्क्यांवर आक्रसते: १४ आकाराचे अक्षर १२ पेक्षाही लहान होते आणि अक्षराच्या नियमाचा भंग होतो. पडद्यावर मात्र आकडा १४ च दिसत राहतो. अशा वेळी प्रिंटरचा पर्याय बदलून उपयोग होत नाही. दस्तऐवजाची पान-शैलीच ए-४ करावी लागते.

म्हणून कागदाच्या आकाराची मूळ जागा लिब्रेऑफिसचा साचा ही आहे. ४ सेंटिमीटरचे समास, १४ चे अक्षर, दीडपट अंतर आणि ए-४ पान एका साच्यात बांधून तोच मुख्य साचा म्हणून नेमला, तर नवा दस्तऐवज योग्य मापातच उघडतो. जुने नमुने त्यामुळे सुधारत नाहीत, ते एकदा बसून बदलावे लागतात. कार्यालयांत नवे लेखन कमी आणि मागच्या खटल्याचा मसुदा उघडून नावे बदलणे अधिक चालते. त्यामुळे हे कंटाळवाणे काम टाळले, तर साचा बहुधा न वापरताच पडून राहतो.

दोन्ही बाजूंची छपाई

मुंबईतील लहान कार्यालयांचे प्रिंटर बहुधा लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून येतात. गिरगावच्या उत्तरेला, ग्रँट रोड स्थानकाजवळ असलेल्या या बाजारात नवे प्रिंटर, वापरलेले प्रिंटर, टोनर भरून देणारे आणि सुटे भाग विकणारे सारे एका रस्त्यावर मिळतात. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेसरजेट १०२० ही भारतात फार खपलेली यंत्रे आहेत. दणकट, स्वस्त आणि टोनर सहज मिळणारी ही यंत्रे लिनक्ससाठी मात्र अवघड आहेत. दोन्ही यंत्रांत पान आखण्याचे काम स्वतःपाशी न ठेवता संगणकावर सोपवलेले असते. एचपी १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने फर्मवेअर पाठवावे लागते. त्यासाठी एचपीच्या मुक्त संचासोबत एक बंदिस्त जोड बसवावी लागते. कॅननसाठी कंपनीचा स्वतंत्र चालक लागतो.

यांपैकी कोणत्याही यंत्रात कागद आपोआप उलटण्याची सोय नाही. त्यामुळे सर्व्हरवर ‘दोन्ही बाजूंना’ ही निवड करून काही साधत नाही. यंत्राला जमत नसलेला पर्याय निमूटपणे दुर्लक्षिला जातो आणि कागद एका बाजूला छापून येतात. अशा ठिकाणी लिब्रेऑफिसच्या छपाई-खिडकीतील आधी विषम व नंतर सम पाने छापण्याची सोय वापरावी लागते. पहिला गठ्ठा छापून, तो उलटून पुन्हा ट्रेमध्ये ठेवावा लागतो. गठ्ठा कोणत्या दिशेने उलटायचा, हे यंत्रागणिक बदलते आणि ट्रेवर चिकटवलेली हस्तलिखित चिठ्ठी येथे कोणत्याही मांडणीपेक्षा अधिक कामाची ठरते. शेवटचे पान विषम असेल, तर उलटलेल्या गठ्ठ्यात एक कोरा कागद उरतो आणि त्याचा विसर पडला, की पुढची सगळी पाने एकाने सरकतात. शंभर पानांच्या याचिकेत हा दोष पानक्रम तपासेपर्यंत लक्षात येत नाही.

आपोआप उलटणारा प्रिंटर असेल, तर एक सूक्ष्म निवड उरते: कागद लांब कडेवर उलटावा की आखूड. उभ्या पानांना लांब कड योग्य असते. आखूड कड निवडली गेली, तर मागील मजकूर उलटा येतो. डाव्या कडेला दोऱ्याने बांधलेल्या फाइलमध्ये तो वाचण्यासाठी न्यायाधीशांना अख्खी फाइल फिरवावी लागेल.

नेटवर्कवरील मांडणी

एकाच प्रिंटरसाठी सर्व्हरवर दोन रांगा करणे ही अनुभवी प्रशासकांची आवडती युक्ती आहे. एका रांगेच्या निवडी ए-४, दोन्ही बाजू व पहिला ट्रे अशा असतात. दुसरीच्या निवडी लीगल, एक बाजू व लेजर कागदाचा ट्रे अशा असतात. वापरकर्त्याला पर्यायांच्या खिडकीत शिरावे लागत नाही. नावावरून रांग निवडली की झाले. त्यासाठी नावे बोलकी असावी लागतात. मॉडेलच्या नावाऐवजी खोली आणि कागद सांगणारे नाव दिले, तर वर सांगितलेला नामसाधर्म्याचा धोकाही टळतो. कप्समध्ये एकाच रांगेचे ‘उपप्रकार’ करण्याची सोय एलपीऑप्शन्सने मिळते, पण सर्वच प्रोग्राम हे उपप्रकार दाखवत नाहीत. त्यामुळे दोन पूर्ण रांगा अधिक भरवशाच्या ठरतात.

सर्व्हरवरील रांगा इतर संगणकांना आपोआप दिसतात. पूर्वी कप्स स्वतःच आपल्या रांगांची नेटवर्कवर दवंडी पिटत असे. २०१२ मधील १.६ आवृत्तीत ती पद्धत काढून नेटवर्कवरील सेवा शोधण्याची सर्वसामान्य पद्धत स्वीकारण्यात आली आणि जुन्या पद्धतीची उणीव ‘कप्स-ब्राउज्ड’ या जोड-सेवेने भरून काढली. सोय म्हणून हे उत्तम असले, तरी इमारतीतील प्रत्येक प्रिंटर प्रत्येकाच्या यादीत दिसू लागतो. गोपनीयता महत्त्वाची असलेल्या ठिकाणी प्रत्येक विभागाला त्याच्याच रांगा दाखवणे श्रेयस्कर मानले जाते. एका मोठ्या सर्व्हरवर साधी टर्मिनले जोडलेली असतील, तर सामाईक फाइल एकच असते व काम सोपे होते. स्वतंत्र संगणक असतील, तर कप्सची सामाईक फाइल, लिब्रेऑफिसची अंतिम नोंद, मुख्य साचा आणि लोकेल या चारही गोष्टी अँसिबलसारख्या साधनाने किंवा स्वतः बांधलेल्या पॅकेजने एकदम पोहोचवल्या जातात.

देवनागरी मजकुराबाबत या निवडींचा परिणाम होत नाही. जोडाक्षरे जुळवण्याचे काम लिब्रेऑफिसमध्येच पूर्ण होते आणि सर्व्हरकडे टंकासहित पीडीएफ जाते. २००६ मधील मुद्रणविषयक परिषदेत पोस्टस्क्रिप्टऐवजी पीडीएफ हे लिनक्सवरील मुद्रणकामांचे प्रमाण स्वरूप मानण्याचे ठरले होते. सर्व्हरवर मराठी टंक नसला, तरी मराठी आदेश नीट छापला जातो तो याचमुळे.

पीपीडीची गच्छंती

अडोबीने पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरांसाठी आखलेली पीपीडी फाइल ही कप्समधील पर्यायांची दीर्घकाळ मुख्य वही राहिली. मात्र ती स्थिर असते: प्रिंटरला नवा ट्रे जोडला, तरी तिला ते कळत नाही. प्रिंटर उत्पादकांच्या गटाने २०१३ मध्ये ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रिंटर स्वतःच विचारल्यावर आपले ट्रे, कागद व सोयी सांगतो आणि वेगळा चालक लागत नाही. कप्सने पीपीडीचा त्याग जाहीर केला असून पुढील मोठ्या आवृत्तीत जुने चालक थेट चालणार नाहीत. त्यांच्यासाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचे मधले प्रोग्राम लिहिले जात आहेत. ते जुन्या यंत्राला नव्या पद्धतीच्या प्रिंटरचे रूप देतात. पीपीडीतील निवडींवर आधारलेल्या मांडण्या तेव्हा नव्याने लिहाव्या लागतील. ‘साइड्स’, ‘मीडिया’ यांसारखी आयपीपीची नावे वापरून केलेल्या नोंदी मात्र तशाच चालू राहतात. एचपी १०२० किंवा कॅनन २९०० वर चालणाऱ्या कार्यालयांसाठी हा बदल सर्वांत जाचक आहे, कारण ही यंत्रे अजून वर्षानुवर्षे चालण्याजोगी आहेत आणि त्यांचे टोनर लॅमिंग्टन रोडवर आजही भरून मिळते.